देगीला पक्का टाका

चौसाळ्याच्या आमच्या घरात सकाळ झाली हे मला डोळ्यांआधी कानांनी कळायचं. आत अम्मी भाकरी थापायची, थप थप थप, आणि बाहेर ओसरीवर अब्बा कानशीनं पत्रा घासायचे, खर्र खर्र. मधूनच हमरस्त्यावरून एखादा ट्रक जायचा, मग भिंतीवर टांगलेले दुरुस्तीचे कंदील एकमेकांवर आपटून किणकिणायचे. ओसरी म्हणजेच अब्बांचं दुकान. दुकान आणि घर यांच्यात दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता, आणि त्या पडद्यानं धूर काही अडायचा नाही. डाग द्यायचं तांब्याचं हत्यार असतं ना, त्याला आम्ही काविया म्हणायचो. तो शेगडीत तापला की अब्बा नवसागराच्या खड्यावर घासायचे. चर्र आवाज व्हायचा आणि पांढरा, नाकात झोंबणारा धूर सरळ चुलीपर्यंत जायचा. अम्मी आतून ओरडायची, "अजी, डाळीला बघार मी दिला का तुमी?" अब्बा म्हणायचे, "दोघांनी मिळून दिला म्हण, चव येईल." घरात आम्ही आमच्या दखनीत बोलायचो आणि गावात मराठीत. मी मात्र इथं सगळं मराठीतच लिहितेय. शाळा थोडीच झाली, पुढचं लिहिणं-वाचणं दुकानांच्या पाट्या आणि रद्दीचे कागद वाचून आलं, तेव्हा कुठं शब्द अडखळला तर सांभाळून घ्या.

अब्बांना गाव उस्ताद म्हणायचं. कंदील, घासलेटचे डबे, बादल्या, दुधाच्या किटल्या, फवारणीचे पितळी पंप, जे गळेल ते आमच्या ओसरीवर यायचं. नारायणगडाला दर्शनाला निघालेली माणसंसुद्धा वाटेत थांबून कंदिलाची टाकी दाखवून जायची. अब्बा द्यायचे तो रांग्याचा टाका. रांगा म्हणजे कथील, त्यात शिसं मिसळलेलं. काविया लागला की लोण्यासारखा वितळतो आणि गार झाला की फट धरून बसतो. याला आमच्यात थंडा टाका म्हणत. पाण्याला, दुधाला, घासलेटला चांगला, पण आगीपुढं तो टिकत नाही. आज कुणी खायच्या भांड्याला शिशाचा टाका द्यायला लागलं तर मी त्याचा हात धरीन, पण तेव्हा ही अक्कल कुणालाच नव्हती.

माझं काम पत्रा धरायचं. आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, आत कशिदा काढायची आणि मी बाहेर काळी व्हायची. अब्बांनी शिकवायचं म्हणून कधी शिकवलं नाही. हातातलं काम माझ्यापुढं सरकवायचे आणि आपण विडी शोधायला लागायचे. एकच गोष्ट मात्र सारखी घोकून घेतली. "आधी साफ, मग ताप, मग टाका. घाण ठेवून टाका दिला तर तो घाणीला चिकटतो, भांड्याला न्हाई." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की भांडी घासतानाही ओठांवर यायचं आणि अम्मी कपाळावर हात मारून घ्यायची.

मी पंधरा-सोळाची असेन, तेव्हा अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. तो आधी कामात दिसला आणि मग डोळ्यांत. ज्या टाक्याची शिवण पूर्वी केसासारखी असायची तिथं गोळे दिसायला लागले. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण पुढच्या वेळी यायचंही नाही. गावातल्या एका बांगड्यावाल्यानं ओसरी मागितली होती. आपाचं लग्न झालं की ती त्याला द्यायची असं अम्मी-अब्बांचं ठरल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "मी बसते की दुकानात." अम्मी चुलीत फुंकर घालता घालता थांबली. "पत्रा धरणं आन् दुकान धरणं एक हाय का? आपाचं झालं की तुझंच बघायचंय. कावून हे खूळ डोक्यात घेतीस?" पण ओसरी बांगड्यांनी भरायची आणि मी पडद्यामागं जायचं, हे मला मान्य नव्हतं. थंड्या टाक्याचं काम तसंही कमी व्हायला लागलं होतं. प्लास्टिकच्या बादल्या आल्या होत्या. दुकान टिकवायचं असेल तर अब्बांना येत नाही ते काम मला आलं पाहिजे, एवढं मला कळत होतं.

ते काम म्हणजे पक्का टाका, आणि तो मामूला यायचा. मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. ट्रॅक्टरच्या नळ्या, डिझेलचे पाइप तो गॅसच्या ज्योतीवर पितळेनं जोडायचा. त्याचा जेवणाचा डबा पोचवायचं काम मी आपाकडून मागून घेतलं. तिला उन्हात जायचा कंटाळाच होता. बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि जुम्म्याला खिचडी आणि चिंचेचा खट्टा. मामू जेवायला बसला की मी म्हणायची, "मामू, तुझं होईस्तोवर हा तुकडा जोडून बघू?" तो आधी हसण्यावारी न्यायचा. "बघ बघ, गॅस तुझ्या बापाचाच हाय." पण तो माणूस हाडाचा कारागीर होता, समोर चुकीचं काम चाललेलं त्याला बघवायचं नाही. घास तोंडात ठेवूनच बोलायला लागायचा. "नाकानं बघू नको, डोळ्यानं बघ! एवढी वाकलीस तर भुवया जातील, मग तुझ्या सासरच्यांना काय मी काजळानं काढून देऊ?"

सुरुवातीला माझ्या हातून पितळेचे मोती व्हायचे. सळई ज्योतीत धरली की ती टपकन वितळायची, आणि थेंब तांब्यावरून घरंगळत मातीत. मामू म्हणाला, "ज्योतीनं पितळ वितळवतीस, म्हणून पळून जातंय. भांडं तापव. भांडं लाल झालं की ते आपसूक पितळ ओढून घेतंय." मग मी भांडं तापवायला शिकले, तर पातळ पत्र्याला भोकं पडायला लागली. जास्त तापलं की पितळेतून पांढरा धूर निघायचा आणि मामू खेकसायचा, "माघं हो, छातीत भरल!" सांध्यावर टाकणखार टाकायचा असतो. आमच्या घरी अम्मी त्याची लाही करून लहान पोरांच्या तोंड आलेल्यावर लावायची. तोच डबा मी पळवला होता. तापल्यावर टाकणखार आधी लाह्यांसारखा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा पातळ होऊन चमकायला लागतो. ती चमक दिसली की समजायचं, आता पितळ लाव. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सांध्यात पळालं, म्हणजे अक्षरशः पळालं, पाण्याची रेघ जावी तशी पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या दिवशी मामूनं हात धुतला नाही. उष्ट्या हातानंच तुकडा उचलून दगडावर आपटला. सांधा सुटला नाही. "अगं रशिदा," तो म्हणाला, "हे तर लई वंगाळ झालं. आता तू ऐकायची न्हाईस कुणाचं."

अजूनही वितळलेलं पितळ सांध्यात शिरताना बघितलं की माझा श्वास थांबतो. आता थंड हवेच्या मशीनच्या नळ्या जोडणारी पोरं छोटा सिलिंडर पाठीला लावून येतात, चटकन जोडतात आणि जातात. मी खुर्ची घेऊन त्यांच्यापाशी बसते. सून म्हणते, अम्मी, लोक काय म्हणतील. मी म्हणते, बाई, लोक सिनेमा बघतात ना, मी हे बघते.

तर आता देगीचं सांगते. मोहल्ल्याची एक तांब्याची देग होती, दोन गडी लागायचे उचलायला. लग्न असो, लग्नानंतरच्या जेवणाचा वलीमा असो, तिच्याशिवाय पुलाव शिजायचा नाही. तिच्या बुडाकडच्या वळणाला चीर गेली होती आणि अब्बांनी तिला रांग्याचा टाका दिला होता. देताना ते म्हणाले होते की हिला पाण्यापुरतंच वापरा. पण लग्नघाईत कोण ऐकतं? एका वलीम्याला कासमचाचा बावर्चीनं त्याच देगीत तेल सोडलं. पाणी उकळतं तेवढ्या तापाला रांगा टिकतो, तेल कडक झालं की टिकत नाही. कांदा पडला, तेल तडतडलं, टाका सुटला आणि तेल चुलीत. भडका उडाला. कुणाला इजा झाली नाही ही अल्लाची मेहेरबानी, पण कासमचाचाच्या दाढीचा एक कोपरा गेला. अब्बांनी पुन्हा टाका दिला, जाड, दुहेरी, शरमेनं दिल्यासारखा. तेव्हापासून देग कोपऱ्यात पडली ती पडलीच.

आणि आता आपाचं लग्न ठरलं. नवरदेवाकडची मंडळी धारूरची. कासमचाचा ठरवाठरवीला आला आणि चहा पिऊन म्हणाला, "उस्ताद, राग मानू नका. तुमच्या देगीत मी पाणी तापवीन, पुलाव करणार न्हाई. राहिलेली अर्धी दाढी मला कबरीपत्तुर न्यायचीय." मामू तिथंच होता, म्हणाला, "दाढी गेली म्हून तोंड दिसलं बे तुझं!" सगळे हसले. अब्बाही हसले, पण चहा तसाच ठेवून उठले. धारूरचे पाहुणे येणार, उस्तादाच्या पोरीचं लग्न, आणि भांडी परगावाहून मागून आणलेली. ते त्यांना गिळवत नव्हतं. मी पडद्याजवळून म्हटलं, "अब्बा, मी लावते पक्का टाका."

अब्बा जाता जाता वळले. मग म्हणाले, "लाव. पण माझ्या टाक्याला हात लावायचा न्हाई. त्याच्यावरूनच पितळ चढव."

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या कारागिरांत एक रीत होती, ज्यानं टाका दिला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्याचा टाका खरवडणं म्हणजे भर बाजारात त्याची पगडी उतरवणं. अनोळखी कारागिराचा टाकासुद्धा अब्बा खरवडायचे नाहीत, भांडं परत त्याच्याकडं पाठवायचे. मग लेकीनं बापाचा कसा खरवडावा? आणि मामूनं तर मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, जिथं रांगा लागलाय तिथं पितळ लावायचं नाही, तापला की तो तांब्याला वाळवीसारखा खातो. दोन्ही मला ठाऊक होतं. मी अब्बांचं ऐकलं. आज विचाराल तर त्या दिवशी, त्या वयात, दुसरं काही करताच आलं नसतं.

गॅरेजच्या अंगणात देग आडवी केली. मामू म्हणाला, "आधी रांगा काढ." मी म्हटलं, "अब्बा न्हाई म्हणालेत." त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि ज्योत माझ्या हातात देऊन बाजूला जाऊन बसला. देग तापायला लागली तसा अब्बांचा रांगा आधी ओघळला, मग पसरला. टाकणखार काळा पडला. पितळ धरलं, तर त्याचे गोळे झाले आणि चिकटायचं नावच नाही. मी आणखी तापवलं. तांब्याचा रंग करडा झाला, वाळलेल्या मातीसारखा, आणि मी सळईनं जरा टोचलं तर तिथला तुकडाच गळून आत पडला. चिरेच्या जागी मूठ जाईल एवढं भोक. मामू उठून आला, बघितलं. "बापाचा मान ठेवलास," तो म्हणाला, "तांब्याचा न्हाई ठेवलास."

हातगाड्यावर देग घरी आली तेव्हा ओसरीवर बांगड्यावाला सुतारासंगं उभा होता, फळ्या कुठं ठोकायच्या ते बघत होता. अब्बांना नीट दिसत नव्हतंच. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोटं फिरवली आणि बोटांनीच सगळं वाचलं. अम्मी आतून बाहेर आली, देग बघितली आणि मला म्हणाली, "झालं समाधान? आता हात धू आन् आत ये. पुन्हा त्या गॅरेजात गेलेली मला चालायची न्हाई." बांगड्यावाल्यानं खोकून भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवशी जेवताना अंबाड्याची भाजी होती, अब्बांना आवडायची म्हणून अम्मीनं लसणाची फोडणी जास्त घातली होती. आपाच्या हाताला लग्नाची हळद लागलेली, ती खाली मान घालून खात होती. शेवटी मी भाकर ताटात ठेवली. म्हटलं, "अब्बा, देग अजून दुरुस्त व्हईल. खाल्लेलं तांबं कापून काढायचं आन् नवं थिगळ बसवायचं. मामूकडं तांब्याचा पत्रा हाय." ते भाकर मोडत राहिले. "पण भोवतीचा रांगा सगळा काढावा लागंल. आतली कल्हईपण. जरासुद्धा ठेवता येणार न्हाई." अम्मी म्हणाली, "गप बस." मी गप बसले नाही. "तुमीच शिकवलंत. आधी साफ, मग ताप, मग टाका." आणि पुढचंही बोलले. "मी न्हाई काढणार तुमचा टाका. रीत मला ठाऊक हाय. पण तो हाय तोवर पितळ लागणार न्हाई, हेबी ठाऊक हाय."

अब्बांनी ताटात हात धुतला आणि उठून गेले. आपा हळूच म्हणाली, "माझ्या लग्नात तरी भांडू नका गं." मला रडू आलं नाही. मला वाटत होतं, बोलायचं ते बोलून झालं, आता जे होईल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थपथप ऐकू आली आणि खर्रखर्रही, पण ती खर्रखर्र निराळी होती, विहिरीतून आल्यासारखी घुमत होती. मी पडदा बाजूला केला. देग ओसरीवर आडवी आणि अब्बा कमरेपर्यंत तिच्या आत. बाहेर नुसते पाय. खरवडणीनं आपलाच दुहेरी टाका खरवडत होते. राखाडी चुरा मांडीवर, लुंगीवर सगळीकडं पडला होता. मी जवळ गेले तसा आतून आवाज आला, "कोण? रशिदा? इथं हात घाल. मला दिसत न्हाई. हे तांबं हाय का अजून रांगा हाय?" मी डोकं आत घातलं. त्यांच्या बोटाशेजारी बोट ठेवलं. "अजून हाय, अब्बा. डावीकडं." "मग सांग ना. गप कावून उभी हायस?" दिवसभर ते खरवडत राहिले आणि मी जागा दाखवत राहिले. मग चिंचेच्या पाण्यानं घासलं. संध्याकाळी आतलं तांबं असं लाल झालं होतं की अम्मीनंही वाकून बघितलं. मग ती चहा ठेवून गेली.

थिगळाला मामूनं कडेनं दात पाडायला सांगितलं. एक दात आत, एक बाहेर, म्हणजे ते देगीला चावून बसतं. खालून कोळशाची भट्टी पेटवली, कारण एवढं तांबं एकट्या ज्योतीनं तापत नाही, एका टोकाला तापवावं तर दुसरं टोक ताप पिऊन टाकतं. मामू भट्टीचा पंखा फिरवायला बसला आणि अब्बा माझ्यामागं स्टुलावर. टाकणखार फुगला, बसला, चमकला. मी पितळ लावलं. अब्बांना रंग दिसत नव्हते. ते विचारायचे, "पळालं का?" मी म्हणायची, "थोडं पळालं." "थांबू नको. पुढं ने." पूर्ण कडा भरून निघाली तेव्हा मी ज्योत बंद केली. अब्बांनी देग गार होऊ दिली, पाण्यानं भरून कुठं गळत नाही ना ते बोटांनी बघितलं, आणि मग स्वतः कल्हई केली. ते काम त्यांना डोळे मिटूनही यायचं.

लग्नाच्या दिवशी कासमचाचानं देग चुलीवर चढवली खरी, पण दाढीला आधीच फडकं गुंडाळून आला होता. सगळा मोहल्ला लांबून बघत होता, धारूरचे पाहुणेही कुतूहलानं थांबले. तेल ओतलं. तेल तापलं. धूर दिसायला लागला. चाचानं कांद्याची पाटी उचलली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरी, माझी दुसरी बाजू तुझ्या नावावर." कांदा पडला आणि असा आवाज झाला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चाचा चुलीपुढं उकिडवा बसून देगीचं बूड बघत होता. कोरडंठाक. त्यानं दाढीचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि मोठ्या कलथ्यानं कांदा हलवायला लागला. आपाच्या लग्नाचा पुलाव कसा झाला होता म्हणाल, तर मला आठवत नाही. मी देगीशेजारीच उभी राहिले, जेवायला गेलेच नाही.

लग्नाची पाहुणेमंडळी पांगल्यावर एका सकाळी मी आत भांडी घासत होते. बांगड्यावाल्याच्या फळ्या अजून लागायच्या होत्या. ओसरीवर कुणीतरी आलं. आवाजावरून शेतकरी वाटला, फवारणीचा पंप आपटून ठेवल्याचा आवाज आला. "उस्ताद हायत का?" तो म्हणाला. अब्बा म्हणाले, "हाय की. काय काम?" "ह्याची नळी तुटली, रांग्यानं टिकत न्हाई. ती देग ज्यानं जोडली ना, त्याच्याकडनं करून पायजे." मग बसायचं गोणपाट सरकल्याचा आवाज आला. अब्बा आपल्या जागेवरून बाजूला सरकत होते. आणि मग त्यांनी पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "रशिदा, बाहेर ये. तुझं गिऱ्हाईक आलंय."